गुलाबी कलमी गुलाब खरंच ‘क्वीन एलिझाबेथ’ आहे का, कसं ओळखायचं

नर्सरीत उंच वाढणारा कुठलाही गुलाबी गुलाब क्वीन एलिझाबेथ म्हणून खपवतात आणि मग गुलाबवाल्यांत वाद सुरू, एक म्हणतो एचटी (म्हणजे हायब्रिड टी, एकेकट्या मोठ्या फुलांचा वर्ग), दुसरा म्हणतो फ्लोरिबंडा (झुपक्याने फुलणारा वर्ग).

आधी बुंध्याशी वाका. डोळा भरलाय, म्हणजे कलम केलंय, त्या गाठीच्या खालून फुटवा आला असेल तर तो खुंटाचा, म्हणजे कलमाखालच्या जंगली रोपाचा, तो मुळापासून ओढून काढा, त्याची पानंफुलं बघून काही ठरवू नका.

मग ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांनी येतो तो बहर बघायचा. तोवर बाजूच्या कळ्या अजिबात खुडायच्या नाहीत! मोठं फूल हवं म्हणून मधली एकच कळी ठेवायची सवय असते बऱ्याच जणांना, पण तसं केलं की गुच्छाने फुलणारं झाडही हायब्रिड टीसारखंच दिसतं, मग काय डोंबल ओळखणार.

आता दांडीचं टोक बघा. एचटीला लांब दांडीवर बहुतेक एकच टपोरं फूल. फ्लोरिबंडाला फुलं लहान पण झुपका भरगच्च, झाडही बुटकं. क्वीन एलिझाबेथची गंमत अशी की कळी एचटीसारखी टोकदार, फूलही मोठं, पण येतं कधी एकटं कधी गुच्छात, आणि झाड सरळसोट पाच-सहा फूट. रंग स्वच्छ गुलाबी, त्यात दुसरी छटा नाही. पानं मोठी, जाडसर, गडद हिरवी, काटे बऱ्यापैकी कमी. वास मंद. घमघमाट असेल तर माझा संशय आधी ‘आयफेल टॉवर’ या गुलाबाच्या जातीवर जातो, तोही उंच आणि गुलाबीच, पण तो एचटी.

वर्गाचं भांडण मात्र उगाच नाहीये. कॅलिफोर्नियाच्या वॉल्टर लॅमर्ट्स यांनी शार्लट आर्मस्ट्राँग हा एचटी आणि फ्लोराडोरा हा फ्लोरिबंडा यांचा संकर करून ही जात काढली, 1954 साली ती बाजारात आली, आणि दोन्हीकडचे गुण घेतलेलं हे झाड कुठल्याच खणात बसेना म्हणून अमेरिकेत ग्रँडिफ्लोरा हा नवा वर्गच केला. ब्रिटिशांनी तो फारसा मनावर घेतला नाही, ते तिला फ्लोरिबंडातच धरत आले. म्हणजे जुन्या ब्रिटिश पुस्तकावरून बोलणारा आणि अमेरिकन कॅटलॉगवरून बोलणारा, दोघंही बरोबर. मला विचाराल तर ग्रँडिफ्लोराच म्हणा, निदान झाडाची उंची तरी कळते, नाहीतर लोक फ्लोरिबंडा समजून पुढच्या रांगेत लावतात आणि मागची सगळी झाडं झाकून जातात.

प्रदर्शनात फूल ठेवणार असाल तर आधी त्यांचं नियमपत्रक वाचा, ग्रँडिफ्लोरा वेगळा धरलाय का ते बघा आणि त्याप्रमाणे कळ्या ठेवा किंवा खुडा. कुंडीतल्या लेबलवर जातीचं नाव पेन्सिलनेच लिहा, मार्कर उन्हात उडतो.