गाता येईल असा इंग्रजी पद्यानुवाद कसा करावा

जर्मन, फ्रेंच किंवा इटालियन कवितेवर रचलेले गीत इंग्रजीत गाण्यासाठी अनुवादित करायला घेतले, की अनुवादकासमोर नुसती कविता नसते. कोणते अक्षर ठोक्यावर पडावे, कोणत्या शब्दासाठी सूर वर चढावा, श्वासाला कुठे जागा मिळावी आणि कोणती ओळ पुन्हा म्हटली जावी, हे सारे संगीतकाराने आधीच ठरवून टाकलेले असते आणि ते बदलण्याचा अधिकार अनुवादकाला नसतो. म्हणून पहिले आग्रहाचे सांगणे असे, की अनुवाद कवितासंग्रहातल्या पानावरून करू नये, तो स्वरलेखन समोर ठेवूनच करावा. संगीतकार ओळी गाळतात, शब्द बदलतात, एखादा शब्द तीनदा म्हणायला लावतात, आणि यातले काहीही कवीच्या पुस्तकात सापडत नाही.

काम हाती घेण्यापूर्वी अनुवाद कशासाठी हवा आहे, हेही स्पष्ट करून घ्यावे. गायकाला अर्थ समजण्यासाठी शब्दाखाली शब्द लिहिलेला तर्जुमा लागतो आणि श्रोत्याला कार्यक्रमपत्रिकेत वाचण्यासाठी सरळ गद्य पुरते. प्रत्यक्ष गायचा पद्यानुवाद ही तिसरीच गोष्ट आहे. मात्र पहिला तर्जुमा स्वतःपुरता का होईना पूर्ण केल्याशिवाय तिसऱ्याकडे वळू नये, कारण कोणत्या शब्दावर संगीताने भार दिला आहे हे त्याशिवाय कळत नाही.

तो तर्जुमा झाल्यावर मूळ शब्द अक्षरांत फोडून स्वरांखाली लिहावेत आणि चार गोष्टींवर खुणा कराव्यात: आघाताची अक्षरे, सर्वांत उंच स्वर, सर्वांत लांब स्वर आणि विराम. या खुणांमधून एक गोष्ट हमखास दिसते. प्रत्येक गीतात दोन-तीन जागा अशा असतात, की तिथला शब्द संगीताने जागच्या जागी खिळवून ठेवलेला असतो. अनुवादाची सुरुवात पहिल्या ओळीपासून न करता या खिळलेल्या जागांपासून करावी.

संगीतकार शुबर्टने १८१५ मध्ये जर्मन कवी गटेच्या 'एर्लक्योनिग' या कवितेला दिलेले संगीत याचे उत्तम उदाहरण आहे. शेवटच्या ओळीत पियानोची अखंड दौड थांबते, गायक जवळजवळ बोलल्यासारखे 'इन झाइनेन आर्मेन दास किंट' एवढे म्हणतो, थांबतो, आणि मग 'वार टोट' हे दोन शब्द उच्चारतो. मूल बापाच्या बाहूंत मेलेले आहे, ही बातमी शेवटच्या अक्षरापर्यंत रोखून धरलेली असते. इंग्रजीत 'डेड' हा शब्द त्याच जागी आला नाही, तर आधीच्या कितीही सुंदर ओळी वाया गेल्या. तेव्हा 'द चाइल्ड... वॉज डेड' हे आधी पक्के करावे आणि मग उरलेली पाच अक्षरे शोधावीत. 'अँड देअर इन हिज आर्म्स' यात अक्षरे पाचच आहेत, पण आघात सरकतो; मूळ ओळीत आघात दुसऱ्या आणि चौथ्या अक्षरावर आहे, इथे तो दुसऱ्या आणि पाचव्यावर जातो. 'विदिन हिज आर्म्स नाउ' यात आघात जुळतात, पण 'नाउ' हा शब्द केवळ जागा भरण्यासाठी आलेला आहे आणि श्रोत्याला ते कळते. 'हिज आर्म्स अराउंड हिम, द चाइल्ड वॉज डेड' असे केल्यास नऊही अक्षरे आपापल्या जागी बसतात, बाहूही राहतात आणि भरताड शब्द लागत नाही. एका ओळीसाठी असे सात-आठ पर्याय कागदावर मांडून पाहण्याची तयारी हवी. पहिल्या जुळलेल्या पर्यायावर समाधान मानणे हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे.

अक्षरसंख्या आणि आघात यांपैकी एकाचाच सांभाळ होणार असेल, तर मी निःसंशय आघाताच्या बाजूने उभा राहीन. अक्षर कमी पडले तर दोन स्वर जोडता येतात, जास्त झाले तर एक लांब स्वर दोनांत फोडता येतो. पण 'द' किंवा 'ऑफ' यांसारखा दुबळा शब्द मुख्य ठोक्यावर आला, तर गायकाकडे त्यावर उपाय नसतो. 'श्टिले नाख्ट' हे १८१८ मध्ये ओबर्नडॉर्फ येथे पहिल्यांदा गायले गेलेले नाताळगीत जॉन फ्रीमन यंग यांनी १८५९ मध्ये इंग्रजीत आणले, ते या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. 'श्टिले नाख्ट' आणि 'सायलेंट नाइट' यांत तीन-तीन अक्षरे आहेत. पुढच्या 'हायलिगे नाख्ट' मध्ये मात्र चार आहेत आणि 'होली नाइट' मध्ये तीनच. यंग यांनी इथे एखादा जादा शब्द कोंबला नाही. 'हो' हे अक्षर पहिल्या दोन स्वरांवर ओढले, आणि मूळ गीतात 'श्टिल' हे अक्षरही तसेच दोन स्वरांवर ओढलेले असल्यामुळे कानाला काहीही खटकत नाही. पुढे जर्मनमध्ये सारे झोपले आहेत आणि एकटे कुणीतरी जागे आहे असे म्हटले आहे, तर इंग्रजीत सारे शांत आहे, सारे उजळले आहे असे येते. अर्थ बराच हलला, पण आघात, यमक आणि चित्राचा भाव टिकला, आणि त्या चालीवर ती ओळ सहज गाता येते.

बायबलमधील मजकुराच्या वृंदगानात अडचण उलट दिशेने येते, कारण श्रोत्यांना जुन्या इंग्रजी बायबलमधले शब्द पाठ असतात आणि ते बदललेले त्यांना रुचत नाहीत. ब्राह्म्सच्या 'जर्मन रेक्विएम' या मृतांच्या स्मरणार्थ गायच्या वृंदगानाच्या दुसऱ्या भागात 'डेन आलेस फ्लाइश, एस इस्ट वी ग्रास' ही आठ अक्षरांची ओळ आहे. किंग जेम्स या जुन्या इंग्रजी बायबलमध्ये तिच्यासाठी 'फॉर ऑल फ्लेश इज अ‍ॅज ग्रास' एवढी सहाच अक्षरे मिळतात. इंग्रजीत रूढ झालेल्या 'बिहोल्ड, ऑल फ्लेश इज अ‍ॅज द ग्रास' या पाठाने 'फॉर'च्या जागी 'बिहोल्ड' घेतला, 'द' वाढवला आणि आठ अक्षरे पुरी केली. 'अ‍ॅज' या क्षुल्लक शब्दावर आघात येतो, हा दोष त्यात राहिला आहे; तरीही 'फ्लेश' आणि 'ग्रास' हे दोन कणखर शब्द अचूक जागी आहेत, म्हणून तो दोष पोटात घालावा असे मला वाटते.

आघात चुकल्यावर काय होते, हे हँडेलनेच नकळत दाखवून ठेवले आहे. त्याच्या 'मसाया' या बायबलवरील वृंदगानातील 'फॉर अन्टू अस अ चाइल्ड इज बॉर्न' या समूहगानाची चाल त्याने १७४१ मध्ये रचलेल्या स्वतःच्याच इटालियन युगुलगीतातून घेतली. तिथे पहिला शब्द 'नो' असा ठाम नकार होता. त्या नकाराचा जोर मसायामध्ये 'फॉर' या उभयान्वयी अव्ययावर येऊन पडला. इतके तेजस्वी संगीत ते सहन करते. साध्या गीताला ते सहन होणार नाही.

आता उंच स्वरांकडे वळू. मानवी कंठातला 'ई' ओळखू येतो तो साधारण ३०० हर्ट्झच्या आसपासच्या अनुनादामुळे (म्हणजे घसा-तोंडाच्या पोकळीत त्या कंपनसंख्येला मिळणाऱ्या जोरामुळे), तर 'आ'चा पहिला अनुनाद ८०० हर्ट्झच्या आसपास असतो. सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीत गाणारी गायिका, ८८० हर्ट्झचा वरचा 'ए' (A) हा सूर गाते, तेव्हा तिचा मूळ सूरच 'ई'च्या अनुनादाच्या कितीतरी वर गेलेला असतो आणि 'ई' ऐकू येणे भौतिकदृष्ट्या शक्य राहत नाही. ती जबडा उघडून 'आ'च्या उच्चाराकडेच जाते. म्हणून अशा स्वरावर 'पीस', 'स्लीप', 'स्वीट' हे शब्द ठेवू नयेत, 'हार्ट', 'स्टार', 'नाइट', 'डॉन' यांसारखे शब्द शोधावेत. 'नाइट'सारख्या जोडस्वराच्या शब्दात गायक 'आ' धरून ठेवतो आणि शेवटी 'इ'वर घसरतो, त्यामुळे तो चालतो. बास, म्हणजे सर्वांत खालच्या पट्टीत गाणाऱ्या, गायकाला ही अडचण फारशी येत नाही, तेव्हा एकच गीत वेगवेगळ्या पट्टीत गायले जाणार असेल, तर सर्वांत उंच पट्टी गृहीत धरून शब्द निवडावेत. जलद लयीत मात्र स्वरांपेक्षा व्यंजने त्रास देतात. 'स्ट्रेंग्थ्स' सारखा शब्द सोळाव्या भागाच्या स्वरावर कुणालाही म्हणता येणार नाही.

यमक हे या कामातले सर्वांत मोठे प्रलोभन आहे. वॉल्टर स्कॉट यांनी 'एर्लक्योनिग'चा अनुवाद शुबर्टच्या आधीच, वाचण्यासाठी केला होता, आणि त्यात 'चाइल्ड'शी जुळावे म्हणून 'वाइल्ड' आणले. गटेच्या ओळीत रात्र आणि वारा आहे, तिथे रानटी अरण्य उगवले. तेव्हापासून अनेकांच्या हातून हीच जोडी निसटते. जर्मनमध्ये दोन अक्षरी यमके, ज्यांतले शेवटचे अक्षर निराघात असते, मुबलक आहेत. इंग्रजीत ती शोधू लागले, की 'सिंगिंग', 'स्प्रिंगिंग', 'ब्रिंगिंग' यांची रांग लागते आणि साऱ्या गीताला एकच चव येते. हायनेच्या ज्या कवितेने शुमानची १८४० ची 'डिश्टरलीबे' ही गीतमाला उघडते, तिथे कळ्या फुटल्या तसे हृदयात प्रेम उगवले, असे सांगताना 'श्प्रांगेन' आणि 'आउफगेगांगेन' यांचे यमक साधले आहे. अर्धयमकावर समाधान मानायची तयारी असेल, तर असे करता येते:

इन ऑल द लव्हलिनेस ऑफ मे,
व्हेन एव्हरी बड वॉज ओपन,
देन इन माय हार्ट, अनबिडन,
अ स्लीपिंग लव्ह हॅड वोकन.

'एव्हरी' इथे दोनच अक्षरांत म्हणायचा आहे. 'ओपन' आणि 'वोकन' यांचे यमक पूर्ण नाही, पण दोन्हींतला लांब 'ओ' गाताना इतका भरतो, की कानाला जुळणी मिळते. किंमतही मोजावी लागली आहे: मुळात प्रेम रोपासारखे उगवते, इथे ते झोपेतून जागे होते. हा सौदा मला मान्य आहे, कारण वसंताचे चित्र पहिल्या दोन ओळींत सुरक्षित आहे. पूर्ण यमकासाठी एखादी नवीच प्रतिमा घुसवावी लागली असती, तर तो मान्य झाला नसता. न्यूझीलंडचे अभ्यासक पीटर लो यांनी गेयता, अर्थ, स्वाभाविकता, लय आणि यमक अशा पाच कसोट्या सांगितल्या आहेत आणि एकीतच पूर्ण गुण मिळवण्याऐवजी पाचांची मिळून बेरीज पाहावी असे सुचवले आहे. नवशिक्याने हा विचार जवळ बाळगावा, कारण यमकासाठी बाकी चार कसोट्या गहाण टाकण्याची सवय त्याने लवकर सुटते.

स्वाभाविकतेबद्दल थोडेच, पण ठामपणे सांगायचे आहे. क्रियापद ओळीच्या शेवटी ढकलणे आणि 'दाउ', 'दी', 'ओअर' असे जुने शब्द वापरणे यांमुळे अक्षरे जुळवणे सोपे जाते, पण श्रोत्याला एकदाच ऐकून समजायचे असते, मागे जाऊन वाचायची सोय त्याला नसते. प्रार्थनेच्या मजकुरात जुनी सर्वनामे शोभतात. प्रेमगीतात ती माणसाला दूर ढकलतात.

फ्रेंच गीतांत ओळीच्या शेवटचा मूक 'अ' स्वतंत्र स्वरावर गायला जातो. तिथे प्रत्येक वेळी दोन अक्षरी इंग्रजी शब्द शोधत बसण्यापेक्षा शेवटचे दोन स्वर जोडून एकच अक्षर ठेवणे बहुधा चांगले, विशेषतः दोन्ही स्वर एकाच उंचीवर असतील तर.

समूहगानासाठी लिहिताना केवळ सोप्रानोची ओळ पाहून चालत नाही. आल्टो (खालच्या पट्टीतल्या गायिका) किंवा टेनर (उंच पट्टीतले गायक) यांच्याकडे तेच शब्द वेगळ्या लयीत असतात, कधी एक अक्षर कमी तर कधी जास्त; म्हणून अनुवाद चारही आवाजांखाली प्रत्यक्ष लिहून पाहावा. ज्या तुकड्याची पुनरावृत्ती होते, तो एकटा ऐकला तरी अर्थपूर्ण वाटला पाहिजे; फ्यूगमध्ये, म्हणजे एकच तुकडा आवाजांनी एकामागून एक उचलायच्या रचनेत, 'अँड ऑफ द' असा अर्धवट तुकडा वीस वेळा ऐकू आला, तर हसू येते. लांब स्वराच्या शेवटी 'स' येणारे शब्दही टाळावेत, कारण चाळीस गायकांचा 'स' एकाच क्षणी थांबत नाही आणि सभागृहात सापासारखा फूत्कार उरतो.

मसुदा तयार झाल्यावर तो स्वतः मोठ्याने गावा, मग मूळ भाषा न येणाऱ्या गायकाला द्यावा आणि तो कुठे अडखळतो ते न बोलता टिपून घ्यावे. गायकाने सहज बदललेला शब्द अनेकदा अनुवादकाच्या शब्दापेक्षा चांगला असतो. त्यानंतर एखाद्या अपरिचित श्रोत्याला कागद न देता ऐकवून त्याला काय कळले ते विचारावे.

प्रकाशनापूर्वी हक्क तपासावेत. युरोपीय संघात लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे आणि भारतात ६० वर्षे संरक्षण असते, आणि कवी व संगीतकार यांचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो. रिचर्ड स्ट्राउस यांनी १९४८ मध्ये रचलेल्या 'चार अंतिम गीतां'पैकी तीन हरमान हेसे यांच्या कवितांवर आहेत. स्ट्राउस १९४९ मध्ये वारले, म्हणून युरोपीय संघात त्यांचे संगीत मुक्त झाले आहे. हेसे १९६२ मध्ये वारले, त्यामुळे तिथे त्यांच्या शब्दांवर २०३२ अखेरपर्यंत हक्क राहतो आणि अनुवाद छापण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. गटे, हायने आणि म्यूलर या जुन्या जर्मन कवींच्या बाबतीत तसे काही करावे लागत नाही, पण त्यांच्या कवितांचे आधुनिक इंग्रजी अनुवाद त्या त्या अनुवादकाच्या मालकीचे असतात, तेव्हा स्वतःचा मसुदा पुरा होईपर्यंत ते उघडू नयेत.