आपल्या विषयावर विकिपीडियात लिहायचं असेल तर

मी नागपुरात भूशास्त्र शिकवत आले. ओळखीतले बरेच जण, कुणी कापसाच्या किडींवर काम केलेले, कुणी संत्र्याच्या रोगांवर आयुष्य घातलेले, अधूनमधून फोन करतात. "मॅडम, मराठी विकिपीडियावर आमच्या विषयाचं धड काही नाही. लिहावं म्हणतो, पण सुरुवात कुठून करू?" काहींनी लिहूनही पाहिलं. कुणीतरी ते उडवलं आणि ही मंडळी रुसून बसली. मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहितेय. सातवी-आठवीतल्या पोराला शाळेत 'दख्खनचे पठार' हा प्रकल्प मिळाला की ते मोबाइलवर आधी विकिपीडियाच उघडतं. तिथे त्याला काय वाचायला मिळतं याची मला काळजी आहे.

तिथे तुम्हाला कुणी 'डॉक्टरसाहेब' म्हणणार नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं आडनाव छापलेलं असतं. विकिपीडियात लेखाखाली कुणाचंच नाव नसतं. कुणी कोणतं वाक्य घातलं आणि कुणी काढलं ते 'इतिहास' या पानावर तारीखवार दिसतं, बस्स. तुमची पदवी खरी की खोटी हे तपासायची सोय तिथे नाही, म्हणून नियम सगळ्यांना सारखे. लिहाल ते पडताळता आलं पाहिजे. मांडणी तटस्थ हवी. आणि स्वतःचं नवं संशोधन पहिल्यांदा तिथे मांडायचं नाही. 'मी इतकी वर्षं हे शिकवतोय' हा तिथे संदर्भ धरला जात नाही. पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक मात्र धरला जातो, तो विद्यार्थ्याने दिला तरी.

मग आयुष्यभर एका विषयात राहिलेल्या माणसाचं तिथे काम काय? एक उदाहरण जरा खोलात जाऊन सांगते.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तिथल्या लॅमेटा थरांत, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या गाळाच्या खडकांत, डायनासोरची हाडं सापडतात आणि दगड झालेली विष्ठाही सापडते. तिला आम्ही कॉप्रोलाइट म्हणतो. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांचा शोधनिबंध आला. या कॉप्रोलाइटांमध्ये त्यांना गवताचे फायटोलिथ, म्हणजे वनस्पतीच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, मिळाले होते. डायनासोरांच्या काळाच्या अखेरीस गवत होतं, इतकंच नव्हे तर त्याचे वेगवेगळे गटही झालेले होते, हे त्यातून पुढे आलं. विदर्भाच्या मातीतली ही केवढी मोठी गोष्ट!

आता उत्साहाने लिहिणारा एखादा लिहील, 'पिसदुऱ्याचे डायनासोर गवत खाऊन जगत होते.' वाक्य वाचायला छान आहे, पण निबंध तसं म्हणत नाही. त्याच विष्ठेत ताडवर्गीय, शंकुधारी आणि इतर झाडांचे अंशही होते. गवत त्यांतलं एक. शिवाय विष्ठा नेमकी कुणाची हे दगडावर लिहिलेलं नसतं. ती टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, शाकाहारी डायनासोरांच्या गटातल्या प्राण्यांची असावी, असं संशोधकांचं अनुमान आहे. म्हणून वाक्य असं हवं: 'पिसदुरा येथील कॉप्रोलाइटांत गवताचे फायटोलिथ आढळले आहेत. ही विष्ठा टायटॅनोसॉर गटातील डायनासोरांची असावी, असे संशोधकांचे मत आहे. त्यांच्या आहारात गवताबरोबर ताडवर्गीय, शंकुधारी व इतर वनस्पतीही होत्या.' आणि लगेच पुढे संदर्भ: निबंधाचं शीर्षक, लेखक, नियतकालिक, साल, खंड, पानं.

त्या वाक्यातलं 'असावी' तुमच्याशिवाय कोण घालणार? बातमीचा मथळा वाचून लिहिणाऱ्याला ते सुचत नाही, कारण मथळ्यात ते कधीच नसतं. विषयात मुरलेल्या माणसाला कळतं की हे सर्वमान्य झालंय, हे एकाच निबंधातलं आहे, आणि हे चाळीस वर्षांपूर्वीच मागे पडलंय. ही पारख लेखात उतरवा. कोणता संदर्भ ग्रंथ वजनदार, कोणता नुसता जाडजूड, हेही तुम्हालाच माहीत. नागपूरच्या भूशास्त्रावर लिहिताना स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांचा १८५५ सालचा निबंध टाळून चालत नाही. नागपूरजवळच्या टाकळीच्या हिरव्या कॅल्साइट या खनिजाला हिस्लॉपाइट हे नाव मिळालं ते याच हिस्लॉपवरून. पण तो निबंध 'हिस्लॉप व हंटर यांनी १८५५ मध्ये असे नोंदवले' असा सालासकट द्या आणि सध्याचं मत अलीकडच्या ग्रंथावरून घ्या. दीडशे वर्षांपूर्वीचं निरीक्षण वर्तमानकाळी क्रियापदात लिहिलं की वाचक फसतो.

कामाची पद्धत सांगते. आधी खातं उघडा. खरं नाव द्यायची सक्ती नाही, पण 'सदस्य' पानावर आपला विषय दोन ओळींत लिहून ठेवलेला बरा. फोन नंबर, पत्ता काही टाकू नका. मराठी टंकलेखनाची सोय तिथेच आहे, नाहीतर मोबाइलचा कळफलक आहेच. सुरुवातीला 'धूळपाटी' या सरावाच्या पानावर हात बसवा. तिथे काही मोडलं तरी लेखाला धक्का लागत नाही. मग थेट नवा लेख काढू नका. असलेल्या लेखातली एखादी चूक दुरुस्त करा, जिथे 'संदर्भ हवा' असं लिहिलंय तिथे तुमच्या कपाटातल्या पुस्तकाचा संदर्भ द्या. प्रत्येक वेळी जतन करण्याआधी सारांशाच्या चौकटीत काय बदललं आणि का, ते एका ओळीत लिहा. एवढी एक ओळ लिहायचा कंटाळा केल्यामुळे कितीतरी चांगले बदल संशयापोटी उलटवले जातात.

तुमचा बदल उलटवला गेला, तर पुन्हा तोच घालत बसू नका. 'इतिहास' उघडून उलटवणाऱ्याने काय कारण दिलंय ते वाचा आणि लेखाच्या 'चर्चा' पानावर जा. समजा, 'सीताबर्डीचा किल्ला मृत ज्वालामुखीवर आहे' हे वाक्य तुम्ही काढलंत आणि कुणी ते परत आणलं. तर असं लिहा: 'नमस्कार. सीताबर्डीची टेकडी दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टची आहे. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः जमिनीच्या लांब भेगांतून बाहेर पडून पसरला. टेकडी म्हणजे त्या थरांचा झिजून उरलेला भाग. पुढील ग्रंथाचे पान पाहावे. आपली हरकत नसल्यास वाक्य बदलतो.' शेवटी चार टिल्ड चिन्हं (~~~~) टाकली की सही आणि वेळ आपोआप उमटते. समोरचा कदाचित इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असेल. त्याला 'तुम्ही'च म्हणा. त्याने शंका काढली ती लेखाच्या भल्यासाठी, असं धरून चाला. बहुतेक वेळा ते खरंही असतं. उत्तर यायला आठवडा लागला तर थांबा. मराठीत नियमित काम करणारी माणसं थोडी आहेत आणि सगळी आपापल्या सवडीने करतात.

स्वतःच्या कामाबद्दल फार सांभाळून. माझ्या वहीत पश्चिम नागपुरातल्या विहिरींच्या नोंदी आहेत, कुठे किती फुटांवर मुरूम संपून काळा पाषाण लागला याच्या. शहराच्या पश्चिमेला ट्रॅपचा काळा पाषाण आणि पूर्वेला जुने पट्टिताश्म (नाइस खडक), ही सीमा शहराच्या पोटातून जाते. त्या सीमेसाठी या नोंदी मोलाच्या आहेत. तरी त्या मी विकिपीडियात घालणार नाही. आधी त्या एखाद्या नियतकालिकात तज्ज्ञांच्या तपासणीतून छापून याव्या लागतील. छापून आल्यावरसुद्धा स्वतः घालण्यापेक्षा चर्चा पानावर 'हा माझाच निबंध आहे, योग्य वाटल्यास वापरावा' असं सांगणं सरळ. ज्या खाण कंपनीचं किंवा बियाणे कंपनीचं मानधन घेतलंय, तिच्या लेखाला तर हात लावूच नका. चूक दिसली तर चर्चा पानावर आपलं नातं उघड करून दाखवा. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेच्या अटींनुसार बंधनकारकच आहे.

पाठ्यपुस्तकातलं तुमचंच प्रकरण उचलून टाकता येत नाही, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. हक्क बहुधा प्रकाशकाकडे असतात, आणि विकिपीडियातला मजकूर श्रेय देऊन कुणालाही, अगदी व्यापारी कामासाठीही, वापरता येतो. प्रकाशकाने त्याला होकार दिलेला नसतो. तेव्हा पुस्तक मिटून ठेवा आणि नव्याने लिहा. जुनी चित्रं मात्र बिनघोर घेता येतात: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, आणि हिस्लॉप १८६३ साली गेले.

छायाचित्रांची तर खूप गरज आहे. मनसरकडचं मँगनीज खनिज असो की कामठीचा वालुकाश्म, स्वतः काढलेला फोटो विकिमीडिया कॉमन्स या चित्रांच्या मुक्त भांडारात चढवा. चौकटीत हातोडा किंवा नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. गाव, तालुका, तारीख आणि खडकाचं नाव वर्णनात लिहा. नुसतं 'सुंदर दगड' असं लिहिलेला फोटो कुणाच्याच कामी येत नाही.

भाषा सोपी ठेवा. पहिला परिच्छेद प्रकल्प करणाऱ्या त्या पोराला कळला पाहिजे. फायटोलिथचे प्रकार खालच्या विभागात येऊ द्या.

लेख झाला की त्याच्यावर नजर ठेवायची खूण करा, म्हणजे बदल झाले की यादीत दिसतात. आणि विद्यार्थ्यांना यात आणायचं असेल, तर गुणांसाठी अख्ख्या वर्गाला एकाच संध्याकाळी एकाच लेखावर सोडू नका. दुसऱ्या दिवशी ते निस्तरायला तीनच माणसं असतात. प्रत्येकाला एक वाक्य आणि एक ग्रंथ द्या. ग्रंथालयात जाऊन त्याने ते पान स्वतः वाचावं, संदर्भ धूळपाटीवर नीट लिहावा, तुम्ही पाहावा, मग तो लेखात जावा.