वीज नसताना थंडीच्या रात्री घर उबदार कसे ठेवावे

ग्वाल्हेरला पौषातले धुके उतरले की दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही, पारा पाच अंशांच्या खाली जातो, आणि अशाच एखाद्या रात्री वीज गेली की हीटर आणि गीझर दोन्ही निरुपयोगी होतात. अशा वेळी सगळे घर गरम करण्याच्या खटपटीत पडू नये. घरातली एकच खोली निवडावी आणि घरातल्या सर्वांनी रात्र तिथेच काढावी.

शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांमध्ये ही खोली बहुधा माजघरच असते, कारण तिच्या भिंती बाहेरच्या वाऱ्याला लागून नसतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी लहान, बुटक्या छताची आणि शक्यतो दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली घ्यावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून ऊन असेल त्या दिवशी ती खिडकी दुपारभर उघडी टाकावी आणि ऊन कलण्याआधी बंद करून तिच्यावर जाड चादर किंवा जुनी रजई टांगावी. दाराखालच्या फटीत गुंडाळलेले पोते किंवा पंचा दाबून बसवावा.

आपण अंगावर तीन-तीन पांघरुणे घेतो आणि अंगाखाली मात्र एक पातळ सतरंजी अंथरतो, ही चूक फार घरांत होते. इथल्या दगडी फरशा रात्रभर अंगातली ऊब ओढून घेतात. म्हणून आधी खाली वर्तमानपत्रांचे जाड थर, त्यांवर सतरंजी, त्यावर घोंगडी आणि मग गादी, अशा क्रमाने अंथरूण करावे. कपड्यांचेही तसेच आहे: एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक ऊब देतात, कारण थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कानटोपी आणि कोरडे मोजे झोपतानाही घालावेत.

गॅसवर पाणी तापवून रबरी पिशवीत दोन तृतीयांश भरावे, उरलेली हवा दाबून काढून बूच घट्ट लावावे, पिशवी टॉवेलात गुंडाळावी आणि झोपण्यापूर्वी थोडा वेळ पायांच्या जागी ठेवावी. मधुमेह असलेल्या वृद्धांच्या पायांना चटका जाणवत नाही, म्हणून त्यांच्या अंथरुणातली पिशवी ते झोपण्याआधी काढून घ्यावी. जास्तीचे गरम पाणी थर्मासमध्ये भरून ठेवले म्हणजे मध्यरात्री पुन्हा गॅस पेटवावा लागत नाही.

आता कोळशाच्या शेगडीविषयी, जिला इथे आपणही सवयीने अंगीठी म्हणतो. बंद खोलीत ती कधीही ठेवू नये. माझ्या लहानपणी आमच्या घरी एका रात्री आजीच्या खाटेजवळ निखारे ठेवले होते. पहाटे ती डोके फुटते आहे म्हणत उठली आणि दारापर्यंत जाता जाता कोसळली. कुणीतरी दार उघडले म्हणून ती वाचली. धूर निघत नाही म्हणजे धोका नाही, असा समज सर्वत्र आहे, पण लाल निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. शेजारी पाण्याची बादली ठेवल्याने तो कमी होत नाही. ऊब घेण्यासाठी गॅसची शेगडी खोलीत जळत ठेवणे किंवा जनरेटर घरात अथवा खिडकीखाली लावणे हेही तितकेच घातक आहे. शेकायचेच असेल तर अंगणात शेकावे आणि निखारे पाण्याने पूर्ण विझवूनच आत यावे. एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांचे डोके दुखू लागले किंवा मळमळू लागले, तर सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि 108 वर फोन करावा.

रात्रीतून एकदा उठून वृद्धांच्या आणि तान्ह्या बाळाच्या पोटाला हात लावून पाहावा. पोट गार लागत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर शरीराचे तापमान 35 अंशांच्या खाली गेल्याची शक्यता असते. ओले कपडे बदलावेत, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे, मोठ्या माणसाची छाती आणि पाठ आधी उबदार करावी. हातपाय चोळू नयेत आणि ब्रँडी तर मुळीच देऊ नये, कारण तिने त्वचेच्या रक्तवाहिन्या पसरून उरलीसुरली उष्णताही निघून जाते. मोठे माणूस शुद्धीवर असेल तर गुळाचे कोमट पाणी घोटाघोटाने पाजावे, आणि उजाडण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.