मालकाने बिल थकवलं, तर कंत्राटदाराने सांभाळायच्या तारखा

पैसे अडकले की अनेक कंत्राटदार साइटला कुलूप ठोकतात किंवा बसवलेल्या खिडक्या उतरवून आणतात. दोन्ही टाळा, चोरीची किंवा घुसखोरीची तक्रार उलट तुमच्यावरच होऊ शकते. आपल्याकडे कंत्राटदाराला बांधलेल्या वास्तूवर धारणाधिकार, म्हणजे पैसे मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क, नसतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 चा हक्क फक्त ताब्यातल्या जंगम मालावर चालतो. मालकाने दिलेल्या सागवानाचे दरवाजे तुमच्या वर्कशॉपमध्ये तयार असतील आणि करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ते रोखता येतात. टेम्पोतून साइटवर उतरवले की हा हक्क संपतो, म्हणून अशा कामाचे पैसे माल हलण्याआधी घ्या.

बाकी बिलासाठी उरतो तो दिवाणी दावा, आणि त्याला मुदत आहे. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर मुदत कायदा, 1963 च्या अनुच्छेद 18 प्रमाणे काम झाल्यापासून 3 वर्षं. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं: वकिलाची नोटीस पाठवली की मुदत वाढते, असं लोक धरून चालतात. ती वाढत नाही. फोनवरच्या ‘पुढच्या महिन्यात देतो’ नेही नाही.

वाढते ती मालकाच्या सहीने. समजा काम 12 मार्च 2022 ला संपलं, तर दावा 12 मार्च 2025 पर्यंत दाखल व्हायला हवा. 5 फेब्रुवारी 2024 ला मालकाने ‘फायनल बिलापैकी एवढी बाकी मान्य’ असं लिहून सही दिली, तर मुदत कायद्याच्याच कलम 18 नुसार (हे वरच्या अनुच्छेद 18 पेक्षा वेगळं) तिथून नवी 3 वर्षं मिळतात. हीच सही 20 मार्च 2025 ला घेतली तर नुसती ‘मान्य’ पुरत नाही. तेव्हा ‘ही रक्कम देईन’ असं स्पष्ट लेखी वचन, सहीसकट, लागतं. थोडे पैसे रोख मिळाले तर त्याची नोंदही मालकाच्या हस्ताक्षरात किंवा सहीने, मुदत संपण्याआधी घ्या.

एक्स्ट्रा आयटमची मापं त्याच आठवड्यात मेजरमेंट बुकात चढवून सही घ्या. प्लास्टरखाली गेलेली पाइपलाइन नंतर कोणी मोजू शकत नाही, आणि वाद हमखास तिथेच होतो.

चेक परत आला तर घड्याळ फार वेगाने धावतं. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर मालकाला 15 दिवस, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात कोर्टात तक्रार. बँकेचा मेमो तारखेसह जपून ठेवा.

वाद व्यावसायिक स्वरूपाचा आणि 3 लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. त्यात गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत, पण शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. करारात लवादाचं (कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडून निवाडा घेण्याचं) कलम असेल तर लवादाची मागणी करणारी नोटीस समोरच्याला 3 वर्षांच्या आत पोचायला हवी.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्यांना सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 मधला 45 दिवसांत पैसे देण्याचा नियम आणि उशिरासाठीचं बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आकर्षक वाटतं. मात्र मजुरी-मालासह एकत्र ठेका असेल तर हा कायदा लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. त्या एकाच वाटेवर विसंबून दाव्याची तारीख घालवू नका.