होमस्टेच्या राउटरसाठी मशीन निवडताना

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या होमस्टेत एका पाहुण्याने व्हिडिओ अपलोडला लावला की बाकीच्यांचे कॉल अडखळतात. जास्त वेगाचा प्लॅन घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरवर 'केक' शेपिंग, म्हणजे रांग सांभाळून सगळ्यांना वेग वाटून देणारी सोय, लावून बघा. त्यात प्रत्येक पॅकेट (डेटाचा तुकडा) प्रोसेसरच्या हातून जातं, स्वस्त राउटर तिथेच दमतो. म्हणून प्रोसेसरमध्ये कोअर (काम करणारे भाग) किती यापेक्षा एका कोअरचा वेग बघा. इंटेलचा एन100 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, दोन लॅन पोर्ट असलेला छोटा संगणक राउटर म्हणून भरपूर झाला.

पंखा मात्र नकोच! तो खारी हवा आत ओढतो आणि पोर्टच्या पिना गंजतात. ॲल्युमिनियम बॉडीची, 12 व्होल्टवर चालणारी पेटी घ्या. लाइट गेली तरी डीसी यूपीएसवर (थेट 12 व्होल्ट देणाऱ्या बॅटरीवर) चालेल. फायबरचा ओएनटी, म्हणजे फायबरची तार जिथे जोडतात तो डबा, तोही यूपीएसवरच हवा.

वेग संध्याकाळी, गर्दीच्या वेळी मोजा. केकमध्ये अपलोड-डाउनलोडची मर्यादा वेगवेगळी, मोजलेल्या वेगाच्या 90 टक्के ठेवा. पूर्ण 100 ठेवली तर रांग ओएनटीत साचते आणि कॉल पुन्हा अडखळतात.