रिमोटने फोटो काढायचाय? आधी फोकस बांधून टाका

गणपती जवळ आले की "कुठला रिमोट घेऊ" हा प्रश्न मला हमखास येतो. घरात ज्याच्याकडे कॅमेरा असतो तो फोटोत कधीच नसतो, आणि यंदा त्यालाही सगळ्यांसोबत मखरासमोर बसायचं असतं. बसायलाच पाहिजे. पण रिमोट कुठला घ्यायचा हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. फोटो बिघडतो तो फोकसमुळे, आणि त्याबद्दल कोणी नीट सांगतच नाही, व्हिडिओ बघा नाहीतर दुकानात विचारा, जो तो रिमोटच दाखवत बसतो. म्हणून रिमोटचं मी पटकन उरकतो.

वायरचा रिमोट सगळ्यात भरवशाचा. सेल नाही, पेअरिंग नाही. फक्त पिन बघून घ्या. कॅनॉनच्या १५००डीसारख्या कॅमेऱ्यांना २.५ एमएमची गोल पिन लागते, त्यांच्याच वरच्या बॉडींना तीन काड्यांची एन३, निकॉन आणि सोनीचं परत वेगळं. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात घ्यायला जाणार असाल तर कॅमेरा सोबत न्या, दुकानातच लावून एक फोटो काढून बघा आणि मगच पैसे द्या, खोक्यावर "युनिव्हर्सल" लिहिलंय यावर जाऊ नका. साधा वायरचा रिमोट काही शे रुपयांत येतो, ब्रँडेडच पाहिजे असं अजिबात नाही.

इन्फ्रारेड रिमोट म्हणजे टीव्हीच्या रिमोटमध्ये असतं तेच तंत्र. कॅमेऱ्याचा सेन्सर बहुतेक वेळा पुढे, ग्रिपवर असतो, त्यामुळे समोर उभं राहून घरात छान चालतो, पाचेक मीटरपर्यंत, पण गच्चीवर भर उन्हात त्याचा काही भरवसा नाही. निकॉनच्या जुन्या मॉडेलांत तर रिमोट मोड एका मिनिटाने आपोआप बंद होतो. लोकांना वाटतं रिमोट खराब झाला. मेन्यूत "रिमोट ऑन ड्युरेशन" शोधा आणि ते १५ मिनिटांवर न्या.

ब्लूटूथवाला एकदा पेअर केला की चांगला. २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ ट्रिगर भिंतीपलीकडूनही चालतो, पण हॉलमधल्या फोटोला त्याची गरज नाही. आणि कंपनीचं मोबाइल अ‍ॅप फ्रेम बघायला उत्तम आहे, शटर दाबायला मला पटत नाही, कारण कनेक्शन नेमकं सगळे तयार असताना तुटतं आणि फोटोत तुम्ही फोनकडे बघताना दिसता.

रिमोट मिळालाच नाही तर दहा सेकंदांचा टायमर लावून दर फोटोला पळू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत टायमरला ओळीने अनेक फोटो काढायची सेटिंग असते, ती लावा, म्हणजे एकदाच धावावं लागेल.

ट्रायपॉड, चार्ज बॅटरी, कार्डात जागा, हे तुम्ही करालच.

आता मुद्द्याचं. शटरचं बटण दोन टप्प्यांचं असतं, अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस घेतो आणि पूर्ण दाबलं की फोटो निघतो. वायरच्या रिमोटमध्येही हेच आहे, आत तीन तारा असतात, एक ग्राउंड, एक फोकसची, एक शटरची. म्हणजे रिमोट दाबला की कॅमेरा त्या क्षणी नव्याने फोकस शोधायला लागतो, आणि तेव्हा तुम्ही कॅमेऱ्यामागे नसता. तो कशावर फोकस घेतोय हे बघणारं कोणीच नसतं. सगळी गडबड इथे होते.

फोकस पॉइंट ऑटोवर असेल तर तो साधारण जवळची, ठळक उजेडातली वस्तू पकडतो. गणपतीसमोर ती कोण असणार, समई, नाहीतर पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेलं सगळ्यात छोटं पोर. फक्त मधला पॉइंट ठेवला असेल तर मधोमध जी जागा तुम्ही स्वतःसाठी मोकळी ठेवलीये तिच्यातून तो सरळ मागच्या पडद्यावर जाऊन बसतो. मग फोटो मोठा करून बघितला की पडद्याची जरतार एकेक धागा मोजता येईल इतकी स्पष्ट आणि आजीच्या चष्म्याची कड मात्र विरघळलेली. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे कळतच नाही, दुसऱ्या दिवशी कळतं, तोवर पुण्याची मंडळी परत गेलेली असतात.

दुसरा त्रास म्हणजे फोटोच निघत नाही. सिंगल फोकसमध्ये (एकदा फोकस घेऊन थांबणाऱ्या मोडमध्ये) बहुतेक कॅमेरे फोकस मिळाल्याशिवाय शटर सोडत नाहीत. कमी उजेडात लेन्स नुसती मागे-पुढे घरघरत राहते, तुम्ही रिमोट दाबताय, दाबताय, सगळ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरतंय. वरून तो फोकसचा मदतीचा दिवा पेटतो, की लहान मुलं डोळे मिटतात किंवा दिव्याकडे बघतात.

उपाय एकच आहे आणि तो सोडून दुसरं काही करू नका. फोकस आधी घ्या आणि मग ऑटोफोकस बंद करा.

ते असं. सगळ्यांना जागेवर बसवा, स्वतःच्या जागेवर कोणाला तरी घटकाभर उभं करा. फोकस पॉइंट एकच ठेवा आणि तो एकाच्या डोळ्यावर आणा, दोन रांगा असतील तर पुढच्या रांगेतल्या, तीन असतील तर मधल्या. शटर अर्धं दाबा, फोकस झाल्याची खूण दिसू द्या, बोट काढा. आता लेन्सवरचा एएफ-एमएफचा (ऑटो-मॅन्युअल फोकसचा) खटका एमएफवर सरकवा. हलक्या हाताने, रिंगला धक्का न लावता. खटका नसेल (निकॉनच्या बहुतेक एएफ-पी लेन्सना नसतो, बऱ्याच मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या, लेन्सनाही नसतो) तर मेन्यूतून मॅन्युअल करा. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, भिंगाच्या बटणाने तोच डोळा मोठा करून बघा, पापण्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. पटलं की एक चाचणीचा फोटो.

यानंतर झूमला हात लावायचा नाही. बऱ्याच झूम लेन्सचा फोकस झूम बदलला की सरकतो, त्यामुळे "जरा वाइड करतो" म्हणालात तर फोकस पहिल्यापासून. ट्रायपॉड हलवला तरी पहिल्यापासून. आणि मिररलेसवाल्यांनी ऑटो पॉवर ऑफ लांबवून ठेवा, काही लेन्स कॅमेरा झोपून उठला की आधीची फोकसची जागा विसरतात.

"पण माझ्या कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस आहे" असं हमखास कोणीतरी म्हणतं. दोघातिघांच्या फोटोला तो खरंच चांगला आहे, वापरा. बारा-चौदा माणसांत तो एक चेहरा निवडतो, आणि कुठला निवडेल ते तुमच्या हातात नसतं, मधेच एखादं मूल आडवं गेलं की निवड बदलते. गर्दीच्या फोटोला मी तरी त्याच्यावर सोडत नाही.

वारंवार हे करणार असाल तर बॅक बटण फोकस लावून टाका. म्हणजे फोकसचं काम शटरवरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणाला द्यायचं (ते नसेल तर बहुतेक मॉडेलांत स्टार किंवा एई लॉकच्या बटणाला देता येतं). मग रिमोट कितीही वेळा दाबा, फोकस हलणारच नाही, कारण शटरचा आणि फोकसचा संबंधच तुटला. आठवडाभर अंगठा चुकतो, नंतर परत जावंसं वाटत नाही.

फोकस बांधला तरी अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) चुकलं तर उपयोग नाही. घरातल्या उजेडाला घाबरून लोक ३५ एमएमची लेन्स एफ १.८ वर उघडतात. साध्या क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर तीन मीटरवर फोकस केला तर त्यात जेमतेम अर्धा मीटर खोली शार्प मिळते, एवढ्यात दोन रांगा बसत नाहीत. त्याच कॅमेऱ्यावर २४ एमएम आणि एफ ८ ठेवलं तर साधारण पावणेदोन मीटरपासून पार मागच्या भिंतीपर्यंत सगळं येतं. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० करावा लागला तर करा. दाणेदार फोटो फ्रेम करून लावता येतो, धूसर काकू नाही लावता येत.

शटर स्पीड घरात १/१००. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, १/१०० वर एक पूर्ण चक्र मिळतं आणि फोटोत पट्टे येत नाहीत. सायलेंट शटर बंद ठेवा, पट्टे त्यात सगळ्यात जास्त येतात. सगळं मॅन्युअलवरच. ऑटोवर काढायचंच असेल आणि कॅमेरा डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरची (डोळा लावून बघायची) खिडकी झाका, तुमचं डोकं तिथे नसल्यामुळे मागून उजेड आत जातो आणि उजेड मोजणारं मीटर फसतं. कॅनॉनच्या पट्ट्याला जो रबराचा चौकोनी तुकडा असतो तो यासाठीच असतो.

फोटो काढताना दोन सेकंदांचा डिले ठेवा, दाबा, हात शेजारच्याच्या पाठीमागे घ्या. मोठ्याने तीन-दोन-एक म्हणा, आणि एका वेळी निदान पाच-सहा काढा, चौदा जणांत कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. जुन्या चाळीत लाकडी जमीन असेल तर त्या वेळात कोणी चालायचं नाही, ट्रायपॉड हलतो.

पक्ष्यांनाही हेच तंत्र. बाल्कनीत जास्वंदीवर शिंजीर येत असेल तर तो ज्या फांदीवर बसतो तिच्यावर आधीच फोकस बांधा, कॅमेरा बाहेर ठेवा, खिडकी लावा आणि आतून रेडिओ रिमोटने काढा. घरट्याजवळ मात्र कॅमेरा लावू नका, कुठल्याही फोटोसाठी नाही, पक्षी घरटं सोडून जाऊ शकतात.

मरीन ड्राइव्हवर रात्रीचा लाँग एक्स्पोजर असेल तर वायरचाच रिमोट. बहुतेक कॅमेऱ्यांत ३० सेकंदांच्या पुढे बल्ब मोड लागतो, त्यात बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं, आणि रिमोटचं बटण पुढे सरकवून अडकवून ठेवता येतं. फोकस लांबच्या एखाद्या ठळक दिव्यावर घेऊन बांधा, ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा, आणि वाऱ्यात ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका. गेटवे किंवा सीएसएमटीसमोर ट्रायपॉड उघडलात की कोणीतरी हटकण्याची शक्यता धरूनच चला, तिथे कठड्यावर बॅग, बॅगेवर कॅमेरा आणि हातात रिमोट हे जास्त सोयीचं.

मोबाइलवाल्यांसाठी थोडक्यात. शंभर-दीडशेचा ब्लूटूथ रिमोट फोनला फक्त व्हॉल्यूमचं बटण दाबल्याचं कळवतो, त्यामुळे कॅमेरा अ‍ॅपमध्ये व्हॉल्यूम बटणाला शटरचं काम दिलेलं असलं पाहिजे, नाहीतर नुसता आवाज वाढत राहील. आणि इथेही फोकस बांधायचाच आहे, चेहऱ्यावर बोट दाबून धरा, आयफोनवर एई/एएफ लॉक असं दिसेल, बऱ्याच अँड्रॉइडवर कुलपाची खूण येते.

काढून झालं की लगेच कोणाला उठू देऊ नका. एक फोटो पूर्ण मोठा करून दोन्ही टोकांचे आणि मागच्या रांगेचे चेहरे बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, मग आरतीचं ताट फिरू दे. आणि कॅमेरा बॅगेत टाकायच्या आधी लेन्सचा खटका परत एएफवर आणा, नाहीतर विसर्जनाच्या मिरवणुकीचे सगळे फोटो आउट ऑफ फोकस येतील.