नागपुरात नवीन आलात? रात्री नऊचं पिंग बघूनच नेट घ्या

साताऱ्याहून नागपूरच्या मिहानमध्ये (विमानतळाजवळचा कंपन्यांचा पट्टा) नोकरीला आलो त्याला नऊ वर्षं झाली. दरवर्षी ऑनलाइन गेम खेळणारी नवी पोरं येतात आणि नेट घेताना माझीच चूक करतात, म्हणून लिहितोय.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका. बेसा भागात राहायला गेलो तेव्हा ‘दोन महिने फ्री’ ऐकून मी २०० एमबीपीएसचा वर्षाचा प्लॅन घेतला. दुपारी स्पीड टेस्ट झकास. रात्री नऊला सगळी कॉलनी घरी आली की पिंग, म्हणजे सिग्नल गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ३० मिलिसेकंदांवरून थेट २५०. गेममध्ये समोरचा दिसायच्या आत आपण मेलेलो. तक्रारी करून थकलो, रुपयाही परत आला नाही. महिन्याचाच प्लॅन घ्या. पहिल्या आठवड्यात रोज नऊ ते अकरा खेळून बघा. गेमला एक एमबीपीएससुद्धा पुष्कळ होतं, स्पीड लागतो तो अपडेट उतरवायला. पिंग स्थिर हवं आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) शून्य हवा.

‘फायबर आहे’ म्हणतात, पण बऱ्याच ठिकाणी फायबर खांबावरच्या पेटीपर्यंतच असते, पुढे साधी लॅनची वायर. घरात बारीक केबल आणि तिच्या टोकाला हिरवा किंवा निळा कनेक्टर दिसला तरच हो म्हणा.

नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून सगळीकडचं पिंग कमी, हा गैरसमज आहे. बहुतेक गेमचे भारतातले सर्व्हर मुंबईत असतात. फायबरमधून प्रकाशाला हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद लागतात, म्हणजे इथून मुंबईला जाऊन-येऊन आठ-दहा तर जाणारच. गेममध्ये मुंबई निवडा. आपोआप सिंगापूर लागलं असेल तर प्लॅन बदलून काही होणार नाही.

राउटर ते पीसी वायरच टाका.

आपल्या साताऱ्याकडची मंडळी इथे येऊन ‘विदर्भात नेटच नाही’ म्हणतात, त्याचा मला राग येतो. इथला लाइनमन नीट बोललात तर रात्री दहालाही येतो. त्याला म्हणा, ‘भाऊ, पॉवर मीटर लावून दाखवा ना.’ हा मीटर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दाखवतो. आकडा उणे २७ च्या खाली (उणे २८, उणे २९) गेला असेल तर बहुतेक जोड खराब आहे, तो तिथेच नवा करून घ्या.

उन्हाळ्यात पारा ४५ वर जातो. राउटर कूलरच्या खिडकीत ठेवू नका. माझा तिथेच होता, ओलाव्याने पोर्टमधल्या धातूच्या पट्ट्या हिरव्या पडल्या. आणि लॅनची वायर बाहेरून येत असेल तर मृगाचं आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच ती काढून ठेवा, विजेचा झटका त्या वायरीतून घरात येऊ शकतो.